न फुटलेल्या गोळ्यांचा आकडा सांगा

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

सविनय नमस्कार.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात के. के. रेंज हे फौजेचं गोळीबाराच्या सरावाचं मैदान आहे. के. के. म्हणजे खारे कर्जुने. रणगाड्यांचे बार इतके अंगवळणी पडलेत, की गोठ्यातली म्हैससुद्धा कान टवकारत नाही. आवाजाची तक्रार नाही. फौजेचा सराव झालाच पाहिजे. हे पत्र आवाज न झालेल्या गोळ्यांबद्दल आहे.

पावसाने माळ मऊ झाला की एखादा गोळा चिखलात रुततो आणि फुटायचा राहतो. फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी कळ, अर्धवट चाळवलेला, आतली दारू शाबूत. फौजेत त्याला ‘ब्लाइंड’ म्हणतात, गावात ‘जिवंत गोळा’. तोफेच्या गोळ्याच्या बुडाजवळ तांब्याची कडी असते. भंगारात लोखंडाला काय मिळतं? भाव तांब्याला. त्या कडीसाठी माणूस गोळ्यावर छिन्नी ठेवतो आणि हातोडा उचलतो.

मग बातमी येते, आणि पहिला प्रश्न ठरलेला: हद्दीत गेलाच कशाला? बंदी आहे, खरंय. पण विहीर आटलेली आणि रोजगार बंद, अशा उन्हाळ्यात तांब्याचा भाव बंदीच्या पाटीपेक्षा मोठ्या अक्षरांत दिसतो. (शेळ्यांना तर पाटी वाचताच येत नाही, आणि त्यांच्यामागे जाणारी पोरं पाटीपाशी थांबत नाहीत.)

शिवाय हद्द ओलांडूनच माणसं मरतात असंही नाही. २० नोव्हेंबर २०१८ला वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ, सोनेगाव (आबाजी) इथे मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्यासाठी पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत बहुतेक आसपासच्या गावांतले मजूर होते, ठेकेदाराने कामावर आणलेले.

साहेब, युद्धानंतर मागे राहणाऱ्या स्फोटकांबाबतचा आंतरराष्ट्रीय करार, ‘पाचवा प्रोटोकॉल’, भारताने २००५मध्ये मान्य केला. लढाई थांबली की जागा आखायची, नोंद ठेवायची, स्फोटकं काढायची, लोकांना सावध करायचं, असं त्यात आहे. सरावाच्या मैदानांना तो लागू नाही, हे ठाऊक आहे. पण शत्रूशी लढून झाल्यावर जे करायला आपण बांधील, ते आपल्याच माळावर सराव करून झाल्यावर करायला काय हरकत? माणसं नाहीत म्हणावं, तर श्रीलंकेच्या उत्तरेत सुरुंग काढायला भारताच्याच पैशाने आपल्या निवृत्त जवानांची पथकं गेली होती. आणि सॅपर्सची, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या फौजी अभियंत्यांची, पुण्याजवळची खडकी आमच्यापासून काही तासांवर आहे.

प्रत्येक सरावानंतर माळ पिंजून काढल्याशिवाय तो गुरांसाठी मोकळा करू नये. जमा झालेलं भंगार फौजेनेच विकावं आणि त्यातला वाटा लगतच्या ग्रामपंचायतींना द्यावा. मग छिन्नी घेऊन कोण कशाला जाईल? सरावामुळे माणसाला इजा झाली तर भरपाई द्यायची तरतूद १९३८च्या कायद्यात आहे. ती देताना मेलेल्या माणसाला आधी चोर ठरवू नये.

किती गोळे डागले, हे हवं तर गुपित राहू द्या. किती फुटले नाहीत आणि त्यांतले किती निकामी केले, एवढे दोन आकडे येत्या पावसाळ्याआधी आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला सांगा.

आपला,
राहुरी तालुक्यातला एक शेतकरी