चाकं राहू द्या, आधी टायर बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जानेवारी 2026 मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही सायकल शर्यत झाली आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाकड्या हँडलच्या सायकली वाढल्या. बहुतेक सगळ्या पहिल्यावहिल्या रोड बाईक: ॲल्युमिनियमची फ्रेम, मागे आठ गियर, किंमत चाळीस-पन्नास हजार. सायकल घरात येऊन महिना-दोन महिने होत नाहीत तोच मुलं विचारायला येतात, “काकू, आता पहिलं काय बदलू?” माझी नोकरी कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये झाली, पण सायकल शाळेपासून सुटलेली नाही, म्हणून हा मान. खरं तर उत्तर त्यांनी घरूनच ठरवून आणलेलं असतं. कार्बनची चाकं, नाहीतर वरच्या दर्जाचा डिरेलर, म्हणजे गियर बदलताना चेन सरकवणारा भाग. दुकानातही तेच सुचवतात. काचेच्या कपाटात तेच मांडलेलं असतं ना! म्हणून हे पत्र, मुलांसाठी आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांसाठी, कारण पैसे तिकडूनच जायचे आहेत.

पहिला खर्च टायरवर करावा.

स्वस्त सायकलीत कंपनी काटकसर करते ती चटकन नजरेत न भरणाऱ्या जागी. रंग झकास असतो, डिरेलरवर मोठं नाव असतं, आणि टायर मात्र तारेच्या कडेचे, जाड, ताठ. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि सुटतो, आणि या दबण्या-सुटण्यात आपल्या पायांची थोडी ताकद उष्णता होऊन वाया जाते. रबर आणि आतलं कापड जितकं लवचीक, तितकी ही गळती कमी. घडी होणारा, मऊ कापडाचा, आत पंक्चर रोखणारा पट्टा असलेला टायर बसवला की पोरं म्हणतात, सायकल हलकी झाली. वजन काट्यावर फारसं बदललेलं नसतं, ती पळायला लागलेली असते. अशी जोडी साधारण चार ते सहा हजारांत मिळते.

फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली जागा असेल तर 25 ऐवजी 28 मिलिमीटर रुंदीचा टायर घ्यावा. जागा आधी मोजावी, रिम ब्रेकच्या (चाकाच्या कड्यावर दोन्ही बाजूंनी रबर दाबणाऱ्या) काही सायकलींत 28 घासतो. हे तीन मिलिमीटर पुण्यात फार उपयोगी पडतात. सिमेंटच्या रस्त्याच्या दोन पट्ट्यांमधली फट, रस्त्यापेक्षा खाली बसलेली चेंबरची झाकणं, गतिरोधकाच्या आधी थरावर थर चढवलेले पांढरे पट्टे, हे सगळं आपल्याला रोजचंच. (शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत झाले, आमच्या गल्लीतून शर्यत गेली नाही.) रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते. साठ-सत्तर किलोच्या माणसाला 25 च्या टायरमध्ये 85-90 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागत असेल, तर 28 ला सत्तरच्या आसपास पुरते. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, रोज तितकी हवा भरायची नसते. मुलं टायर दगडासारखे टणक करतात आणि मग हात बधिर झाले की हँडलला दोष देतात. उलट हवा फारच कमी ठेवली तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिममध्ये चेपते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. म्हणून आकडा दाखवणारा उभा पंप टायरबरोबरच घ्यावा. तोही याच खर्चात धरा.

आता त्या कार्बनच्या चाकांचा हिशेब करू. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो, आणि जवळजवळ सायकलच्याच किमतीची चाकं घेऊन वजन अर्धा किलो उतरलं, असं धरा. सिंहगडाचा घाट चढायला तास लागत असेल तर वाचतील वीस-बावीस सेकंद. “फिरत्या भागाचं वजन वेगळं असतं, काकू” असं एक इंजिनिअरिंगचा मुलगा मला ऐकवतोच. असतं, पण झटक्यात वेग घेताना. एका चालीनं घाट चढताना किलो तो किलोच, रिममध्ये असो की पोटावर.

घाटाचाच विचार असेल तर मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, बघा. पुढे पायडलजवळच्या चकतीला 34 दाते आणि मागे सर्वांत मोठी चकती 28 दात्यांची असेल तर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण अडीच मीटर जाते. ताशी आठ किलोमीटरनं चढताना मिनिटाला जेमतेम 52 फेऱ्या होतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. मागे 32 ची चकती लावली तर त्याच वेगात 60 फेऱ्या होतात. आठ गियरची कॅसेट तशी स्वस्त असते. मात्र डिरेलरचा केज (चेन ताणून धरणारा खालचा दांडा) आखूड असेल तर मोठी चकती झेपत नाही, आणि चेनही थोडी लांब लागू शकते. हे मेकॅनिकला विचारूनच करावं.

रिम ब्रेकची मूळ रबरंही बहुधा कडक, सुमार असतात. चांगली रबरं हजार-दीड हजारात होतात. गडावरून उतरताना, विशेषतः पावसाळ्यात, ती हवीतच. याबद्दल जास्त काय सांगायचं?

डिरेलरचा नाद मात्र सोडा. आठ गियरवरून अकरावर जायचं तर शिफ्टर (हँडलवरचा गियर बदलायचा खटका), कॅसेट, चेन सगळंच बदलतं, आणि जुन्या चाकाच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) अकराची रोड कॅसेट बहुधा बसतच नाही, म्हणजे पुन्हा चाक आलं. त्यापेक्षा दोन वर्षांनी ही सायकल विकून वरची घ्या. क्लीटचे, म्हणजे बूट पायडलमध्ये अडकून बसणारे, बूट-पायडलही कर्वे रोडच्या सिग्नलांवर थांबायची सवय झाल्यावरच.

दुकानदारांना एक विनंती. नवी सायकल विकतानाच गिऱ्हाईकाला विचारा, की किमतीतला फरक घेऊन टायर आणि कॅसेट बदलून देऊ का? उतरवलेला माल कोराच असतो, तुम्हाला तो दुसऱ्या सायकलीला वापरता येतो. एका दुकानात मी हे सुचवलं तेव्हा “असं कुणी मागत नाही” असं उत्तर मिळालं. हे वाचून यापुढे काही जण मागतील, तेव्हा कृपया नाही म्हणू नका.

आपली,
एक सायकलस्वार वाचक, कोथरूड, पुणे