'नाणे' नाणेघाटातून आले नाही

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील नाणेघाटावरचा लेख रंजक असला, तरी त्यातील एका विधानाची दुरुस्ती व्हायला हवी. सातवाहनकाळात या घाटात जमणाऱ्या जकातीमुळे 'नाणे' हा शब्द रूढ झाला, असे लेखकाने म्हटले आहे. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण पाहिला की ही व्युत्पत्ती पटते खरी, परंतु तेथल्याच लेण्यातील सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख तिच्याविरुद्ध साक्ष देतो. यज्ञांतील दक्षिणेची मोजदाद करताना त्यात शब्द येतो तो 'काहापण', म्हणजे कार्षापण हे त्या काळचे नाणे. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानेही ७०,००० कार्षापणांचे मूल्य, एका सुवर्णास (सोन्याच्या नाण्यास) ३५ या दराने, २,००० सुवर्ण असे कोरून ठेवले आहे. आणि आपल्या बोरिवलीजवळच्या कान्हेरीतील दानलेखांतही कार्षापणच आढळतात.

'नाणे' आले ते संस्कृतातील 'नाणक' या शब्दावरून. 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकात तो आहे. याज्ञवल्क्यस्मृती या प्राचीन धर्मशास्त्रग्रंथाच्या व्यवहाराध्यायात, म्हणजे न्यायविषयक भागात, खोटी नाणी पाडणाऱ्याला दंड सांगितला आहेच, पण खऱ्या नाण्याला खोटे आणि खोट्याला खरे ठरवणाऱ्या 'नाणकपरीक्षी'लाही उत्तमसाहस हा सर्वांत जबर दंड ठेवला आहे. (पारख करणाऱ्यालाच जबाबदार धरण्याची ही रीत आजच्या लेखापरीक्षकांनाही लागू व्हावी, असे कधीकधी वाटते; पण तो विषय वेगळा.) कनिष्क आणि हुविष्क या कुषाण राजांच्या नाण्यांवर नना देवीची प्रतिमा व ग्रीक लिपीतील तिचे नाव असते, त्यावरून ती नाणी 'नाणक' म्हणून ओळखली जाऊ लागली आणि पुढे नाणेमात्राला तेच नाव पडले, असे काही अभ्यासक मानतात. तर्क आकर्षक आहे, मात्र तो तर्क म्हणूनच मांडला जावा.

मुंबईकरांना हा शब्द आडनावातही भेटतो. गुजरातीत 'नाणावट' म्हणजे नाण्यांची पारख व अदलाबदल करण्याचा धंदा, आणि तो करणारा नाणावटी. मराठी अमदानीत सरकारी खजिन्यात येणारा पैसा पारखण्याचे काम पोतदाराकडे असे. निरनिराळ्या टांकसाळींतून पडलेले, वजनाने व कसाने वेगवेगळे रुपये एकाच बाजारात फिरत असल्यामुळे वटाव, म्हणजे नाण्यांच्या मूल्यातील फरकापोटी करायची वजावट, ठरवल्याखेरीज मोठा व्यवहार पुरा होत नसे, आणि म्हणूनच या दोघांचा शब्द मोलाचा ठरे. 'नाणावलेला' हे आपले विशेषणही याच पारखीतून आले असावे.

नाणेघाटात शाळांच्या सहली जातात आणि तेथे सांगितलेली गोष्ट मुलांच्या मनात पक्की बसते. म्हणून दुरुस्ती छापताना नागनिकेच्या लेखातील दक्षिणेच्या ओळी मूळ पाठ व मराठी अर्थासह द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई