अंतराळात पुन्हा चाचणी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अंतराळयुद्धावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, सोबतचे चित्र मात्र नेहमीचेच. एक उपग्रह दुसऱ्यावर लाल किरण सोडतोय आणि समोर आगीचा लोळ. पोकळीत प्रकाश विखुरायला हवा-धूळ नसते, त्यामुळे असा किरण बाजूने दिसणारच नाही. सिनेमावाल्यांना हे सगळे माफ आहे, मीही ते सिनेमे चवीने पाहतो. पण शत्रूचा उपग्रह उडवला की मोहीम फत्ते, ही समजूत त्यातूनच पक्की झाली आहे आणि ती वर्तमानपत्राने तरी जोपासू नये.

खऱ्या उपग्रहभेदी क्षेपणास्त्राला टोकाला स्फोटके लागतही नाहीत. धडक पुरते. एक किलोचा तुकडा सेकंदाला १० किलोमीटर वेगाने आदळला, तर सुमारे १२ किलो टीएनटीइतकी ऊर्जा बाहेर पडते. उपग्रहाच्या चिंधड्या होतात, पण त्या खाली पडत नाहीत. जवळपास तितक्याच वेगाने पृथ्वीभोवती फिरत राहतात. चीनने जानेवारी २००७ मध्ये स्वतःचा जुना हवामान उपग्रह सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर फोडला. त्याचे मोजता येतील असे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले. त्या उंचीवर हवा नसल्यातच जमा असल्याने त्यातले बरेचसे आपल्या नातवंडांच्या काळातही तिथेच फिरत असतील.

आपण २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’त पाडलेला उपग्रह ३०० किलोमीटरच्याही खाली होता. ही उंची मुद्दाम निवडली होती आणि त्याचे श्रेय डीआरडीओला द्यायलाच हवे. कचरा ४५ दिवसांत जळून जाईल, असे तेव्हा सांगितले गेले. बराचसा गेलाही. पण धडकेत काही तुकड्यांना वरच्या दिशेने झटका बसतो. मग त्यांच्या कक्षेचे एक टोक धडकेच्या उंचीजवळ राहते आणि दुसरे शेकडो किलोमीटर वर जाते. फेरीतला थोडाच वेळ ते विरळ हवेतून जातात, म्हणून त्यांचा वेग लवकर कमी होत नाही. काही तुकडे असेच आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्याही वर गेले आणि वर्ष उलटले तरी फिरत होते. वाहिन्यांवर त्या दिवशी जल्लोष चालला होता. कचऱ्याचे पुढे काय झाले, हे नंतर कोणी फारसे विचारले नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने आपलाच एक निकामी उपग्रह फोडला, तेव्हा त्याच स्थानकातल्या सातही जणांना परतीच्या यानांत जाऊन बसावे लागले. त्या सातांत दोघे रशियाचेच होते! अमेरिकेची गोष्टही वेगळी नाही. ९ जुलै १९६२ रोजी तिने प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा अणुबाँब फोडला. त्यातून पृथ्वीभोवती अडकून राहिलेल्या भारित कणांनी ब्रिटनचा पहिलावहिला उपग्रह आणि अमेरिकेचा, स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी सोडलेला, टेलस्टार यांना दणका दिला. १९६७ च्या अंतराळ कराराने कक्षेत अण्वस्त्रे ठेवायला बंदी घातली, पण साध्या शस्त्रांना त्यात मनाई नाही.

जाता जाता, सिनेमात शोभेल अशी एक तोफ खरोखरच वर गेली होती. सोव्हिएत संघाच्या सॅल्यूट-३ या स्थानकावर ती घट्ट बसवलेली होती, म्हणजे नेम धरायचा तर अख्खे स्थानकच वळवायचे! जानेवारी १९७५ मध्ये ती झाडून पाहिली, तीही आत कोणी नसताना, जमिनीवरून आज्ञा देऊन. आजचा हल्ला याहून खूपच नीरस असतो. रशियाने युक्रेनवर चढाई केली त्याच दिवशी, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, एका उपग्रह इंटरनेट सेवेचे हजारो मोडेम सायबर हल्ल्याने निकामी झाले. जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाशी संपर्क तुटला. उपग्रहाला मात्र ओरखडाही नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. उपग्रह फोडणारी विध्वंसक चाचणी पुन्हा करणार नाही, असे भारताने जाहीर करावे. अमेरिकेने एप्रिल २०२२ मध्ये तसे जाहीर केले आणि नंतर तीसहून अधिक देशांनी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत याच आशयाचा ठराव १५५ मतांनी संमत झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. नुसत्या घोषणा नकोत, कायद्याने बांधणारा करार हवा, ही आपली जुनी भूमिका आहे आणि ती चुकीची नाही. पण करार होईपर्यंत शब्द द्यायला काय हरकत आहे? क्षमता आहे हे एका चाचणीत जगाला दिसले, दुसऱ्या चाचणीने त्यात काय भर पडणार? उलट आता गमावण्यासारखे आपलेच बरेच काही वर आहे. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात राहून आले, गगनयानही सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर जायचे आहे आणि २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक उभारायचे आपण ठरवले आहे.

आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधींनी संसदेच्या अधिवेशनात हा प्रश्न एखाद्या खासदारामार्फत लेखी विचारायला लावला, तर निदान तटस्थ राहण्यामागचे सरकारचे उत्तर कागदावर येईल.

– एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सांगली