दारावरची थाप : इतर मागास बहुजन कल्याण मंत्र्यांना सोलापूरहून खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
इतर मागास बहुजन कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी सोलापूरची. सेटलमेंट फ्री कॉलनीत जन्मले, इथंच शिकले आणि एकतीस वर्षं प्राथमिक शिक्षिका म्हणून नोकरी केली. जात कैकाडी. हे पहिल्याच ओळीत सांगते, कारण पत्राचा विषय तोच आहे.

बाहेरगावच्या माणसाला सेटलमेंट म्हणजे शहरातली एक वस्ती वाटते. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911 नंतर तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला आणि कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, कंजारभाट अशा लोकांना काटेरी तारेच्या आत आणून ठेवलं गेलं, तीच सेटलमेंट. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या आईच्या पोटी जन्मले म्हणून. माझे आजोबा दिवसभर गिरणीत खपायचे आणि सुटी झाली की परत तारेच्या आत. हजेरी चुकली की शिक्षा. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा देशभरातून गेला. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन तार तोडली, असं आमच्याकडची म्हातारी माणसं अभिमानानं सांगत आली. आजीच्या मनातली तार मात्र कधी तुटली नाही. रात्री दारावर थाप पडली की ती आधी झोपलेली पोरं मोजायची, मग कडी काढायची.

गेल्या वर्षी तशीच थाप माझ्या भाच्याच्या दारावर पडली. पोरगा युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग करतो. कुठंतरी घरफोडी झाली होती. त्याला उचललं, दोन रात्री बसवून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी ‘जा’ म्हणून सोडून दिलं. अटक दाखवली नाही, नोटीस दिली नाही, कागद म्हणून एक नाही. तो कामावर गेला तेव्हा मालक चकार शब्द बोलला नाही, फक्त गोदामाची किल्ली परत मागून घेतली. दोन रात्रींपेक्षा त्या किल्लीचं पोराला जास्त लागलंय. पोलीस ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. अमुक एका साहेबाची बदली व्हावी म्हणून हे पत्र नाही.

तक्रार करायला निघालो तेव्हा समजलं, आमच्यासाठी दारच नाही. राज्याच्या पोलीस दलात नागरी हक्क संरक्षण ही वेगळी शाखा आहे. 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा नीट राबवला जातो की नाही, ते ती बघते. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा, पीडिताला अर्थसाहाय्य द्यायचं, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीनं दर तीन महिन्यांनी बसायचं, असं नियमात आहे. हे सगळं लोकांनी लढून मिळवलंय, त्यातला काना-मात्राही कमी होता कामा नये. पण ॲट्रॉसिटी कायदा अनुसूचित जाती आणि जमातींपुरता आहे. आम्ही पडलो विमुक्त, म्हणजे त्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यातून सुटलेले.

आणि साहेब, कैकाड्यांचं तर आणखी निराळं आहे. नागपूर, अमरावती, अकोल्याचा कैकाडी अनुसूचित जातीत मोडतो, सोलापूरचा कैकाडी विमुक्त जातीत. आमचे सोयरे तिकडे आहेत. बोली एक, देव एक, टोपली विणायची रीत एक. तिथं चारचौघांत कुणी जातीवरून अपमान केला तर ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल होऊ शकतो. तीच शिवी सोलापुरात मला दिली, तर किरकोळ कलम लागलं तर लागलं. विदर्भाची हद्द ओलांडली की अपमान हलका होतो का? ही यादी बदलणं संसदेच्या हातात आहे, हे मला कळतं. पण पाठपुरावा राज्यानं करायचा असतो.

तुमच्या खात्यानं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. माझे कितीतरी विद्यार्थी शिष्यवृत्तीवर शिकले. आश्रमशाळा आहेत, वसंतराव नाईक महामंडळाची कर्जं आहेत, तांडा वस्ती सुधार योजना आहे. (जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा रहिवास दाखवायला लागतो. ज्यांचे आजे-पणजे गाढवांवर बिऱ्हाड टाकून गावोगाव फिरले, त्यांनी तो कुठून आणायचा? त्यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल.) पण शिष्यवृत्ती घेतलेल्या पोराला उद्या पत्त्यावरून उचललं, घरमालकानं ‘सेटलमेंट’ ऐकून खोली नाकारली, तर त्यानं दाद कुठं मागायची? मदत तुमच्या खात्यात मिळते, दाद कुठल्याच खात्यात मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात तुरुंगांच्या नियमावल्यांमधला जातिभेद घटनाबाह्य ठरवला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची काळजी पोलिसांनी घ्यावी, असंही त्यात बजावलं. तो निकाल ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत पोचला का, एवढं तरी विचारा.

पोलीस ठरवतात तेव्हा वेगळं वागू शकतात, हे आमच्याच जिल्ह्यानं पाहिलंय. 2021 मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतलं. तेजस्वी सातपुते तेव्हा अधीक्षक होत्या. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर नुसते छापे घालून न थांबता अधिकाऱ्यांना गावं वाटून दिली आणि लोकांना दुसऱ्या कामधंद्याकडे वळवायचा प्रयत्न झाला. कुठं किती यश आलं ते बाजूला ठेवा. खाकीतला माणूस तांड्यावर येऊन ‘तू काय काम करशील?’ असं विचारतो, हीच गोष्ट आमच्यासाठी मोठी आहे.

म्हणून मागते. नागरी हक्क संरक्षण शाखेला विमुक्त-भटक्यांच्या तक्रारी घेण्याचा स्पष्ट आदेश निघावा. गृह खातं तुमच्याकडे नाही, पण मंत्रिमंडळात तुमचं म्हणणं ऐकलं जातं. जिल्ह्याच्या दक्षता समितीसारखी बैठक आमच्यासाठीही व्हावी आणि तिचं इतिवृत्त लोकांना वाचायला मिळावं. सोलापूर शहर आणि ग्रामीणच्या प्रत्येक ठाण्यातल्या हिस्ट्रीशीट, म्हणजे संशयितांवर नजर ठेवायच्या नोंदी, तपासाव्यात. ज्याच्या नावावर जातीशिवाय दुसरं काही नाही, त्याचं नाव काढून टाकावं आणि तसं त्याला लेखी कळवावं.

येत्या 31 ऑगस्टला सोलापुरात कार्यक्रम होतील, तुम्हालाही बोलावणं येईल. जरूर या. भाषणाच्या आधी अर्धा तास काढून माझ्या भाच्याकडे चहाला चला. तो बोलायला तयार आहे. फक्त दार मी वाजवेन, सोबतच्या पोलिसाला वाजवू देऊ नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
सेटलमेंट, सोलापूर