शारजाहून आई-बाबांना, घरभाड्याबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही शेजारच्या काकूंच्या मुलीबद्दल सांगितलंत. दुबईच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी, पगार 4,000 दिरहम, एजंट दीड लाख मागतोय आणि काकू दागिने गहाण ठेवायला निघाल्यात. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोनवर सगळं धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते. दादानं आईला वाचून दाखवावं आणि काकूंच्या घरीही द्यावं.

आधी ते दीड लाख थांबवा. आपल्याकडे परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटला सरकारची नोंदणी लागते, आणि त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. नोंदणी आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं, दादाला सांगा. इथला कायदा तर असा आहे की भरतीचा खर्च मालकानंच करायचा, तो कामगाराकडून वसूल करायचा नाही. तेव्हा दागिने घरातच राहू देत.

आता पगार. दिरहमचे साधारण 24 रुपये धरले तर 4,000 म्हणजे 96,000. पगारावर इथं आयकर नाही, हेही खरं. सोलापुरात खासगी शाळेत शिकवणाऱ्या मुलीला हा आकडा ऐकून भरून येईल, मलाही आलं होतं. पण त्या कागदावर शाळा घर देते की नाही, याबद्दल काय लिहिलंय, ते कुणी वाचलंय का? काही शाळा राहायला जागा देतात, काही घरभाडं वेगळं देतात, आणि काही ‘सर्व मिळून’ असं लिहून मोकळ्या होतात. ‘सर्व मिळून’ असेल तर त्या 96,000 मधून छप्पर तिलाच शोधायचंय.

दुबईत अख्ख्या घराचं भाडं बहुतेक महिन्याला रोख द्यायचं नसतं. वर्षाचं भाडं ठरतं आणि त्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यावे लागतात, कधी चार, कधी दोन, एखादा मालक एकच मागतो. समजा, वर्षाला 40,000 दिरहमची लहानशी जागा मिळाली. चार चेक ठरले तर पहिलाच 10,000 चा. अनामत बहुधा भाड्याच्या 5 टक्के, सामानासकट जागा असेल तर 10. मध्यस्थाचे आणखी 5 टक्के. वीज-पाण्याच्या खात्यावर फ्लॅटसाठी 2,000 अनामत. म्हणजे किल्ली हातात पडेपर्यंत 16,000 दिरहम, बाबा, तिचा चार महिन्यांचा पगार! शिवाय वीजबिलात महापालिकेचं घरशुल्क येतं, वर्षाच्या भाड्याच्या 5 टक्के, बारा महिन्यांत वाटून. आणि चेकबुक मिळायला बँकेत खातं लागतं, खात्याला इथलं ओळखपत्र लागतं. ते हाती येईपर्यंत नवी मुलगी राहणार कुठं?

इथंच मुली अडकतात. मग ‘बेड स्पेस’ घेतात, म्हणजे एका खोलीतला एक पलंग आणि कपाटाचा एक कप्पा. हॉलमध्ये प्लायवूड ठोकून केलेलं ‘पार्टिशन’ही भाड्यानं मिळतं. जागा ज्याच्या नावावर तो परस्पर आणखी चौघांना ठेवतो, मालकाला पत्ताही नसतो. मालकाच्या परवानगीशिवाय असं पोटभाडेकरू ठेवणं दुबईत बेकायदा आहे, आणि तपासणी आली की रात्रीतून बाहेर पडायची वेळ पलंगवाल्यावरच येते. म्हणून तिला सांगा, स्वस्त मिळाली म्हणून कुठंही राहू नको. दुबईत भाडेकराराची ‘इजारी’ नावाची सरकारी नोंद होते, तिथं राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव लावता येतं. तिचं नाव तिथं हवंच.

आई, तुला हे वेगळं समजावायची गरज नाही. 2006 साली विडी कामगार बायकांच्या गोदूताई घरकुलात आपल्याला घर मिळालं, तेव्हा तू कागदावरच्या तुझ्या नावावरून पुन्हापुन्हा बोट फिरवत होतीस. तोवर भाड्याच्या खोलीत सुपात पान-तंबाखू घेऊन तू हजार विड्या वळायचीस आणि मालकीणबाई आली की सूप उचलून कोपऱ्यात सरकायचीस. मी ते विसरलेली नाही.

तू दर वेळी विचारतेस, इतकी वर्षं झाली तरी दुसऱ्यांबरोबर का राहतेस. त्याचा हिशेब असा. अल नहदा हे नाव रस्त्याच्या अलीकडेही आहे आणि पलीकडेही, एक दुबईत, एक शारजात. शारजाच्या बाजूला भाडं कमी. आम्ही तिघी शिक्षिका इथं दोन खोल्या आणि हॉलच्या घरात राहतो, वर्षाला 48,000, प्रत्येकीच्या वाट्याला 16,000. तिघींचीही नावं करारात आहेत आणि करार नगरपालिकेत नोंदवलेला आहे. त्यापायी पहाटे उठून शाळेच्या बसनं दुबईला जावं लागतं, संध्याकाळी गर्दीत बस मुंगीच्या चालीनं सरकते. पण एकटीनं घर घेतलं असतं तर दर महिन्याला घरी येणारे पैसे आले नसते. मला ही जागा आवडते, आई. एक बाई केरळची आहे, तिला तुझी शेंगाचटणी इतकी आवडलीय की भाताबरोबर नुसती खाते.

त्या मुलीला आणखी एक गोष्ट बघायला सांगा, मूळ पगार किती. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते ती मूळ पगारावर, पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा, पुढे 30 दिवसांचा. 4,000 पैकी मूळ 1,800 च असेल तर वर्षाचे 1,260 दिरहम होतात, 3,000 असेल तर 2,100. ही चार आकड्यांची रक्कम सही करण्याआधीच ठरते, नंतर काही करता येत नाही. उन्हाळ्यात एसी चोवीस तास लागतो, तेव्हा थंडाव्याचं बिल भाड्यात धरलंय का तेही विचारावं. इथं त्याला ‘चिलर फ्री’ म्हणतात.

कोरियाचं तिच्या डोक्यात आहे म्हणालात. तिथल्या खासगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचा व्हिसा फक्त सात देशांच्या नागरिकांना मिळतो, त्यात आपण नाही. कुणी तसं आश्वासन देत असेल तर त्याच्यापासून लांब राहावं.

बाबा, तिला शाळेचं पत्र मोबाईलवर फोटो काढून मला पाठवायला सांगा, मी ओळ न् ओळ वाचून कळवते. पदवी आणि बी.एड.च्या प्रमाणपत्रांचं अटेस्टेशन मात्र आत्ताच सुरू करावं. आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास, यात वेळ जातो. शाळेनं घर द्यायचं कबूल केलं तर तिनं नक्की यावं, चांगली शिकवते ती, मी ऐकलंय तिला. नाही केलं, तर पहिल्या दोन महिन्यांची जागा तरी लेखी मागून घ्यावी. तेही नाही म्हणाले, तर मी इथं आमच्या बिल्डिंगमध्ये तिच्यासाठी विचारते. वॉचमन ओळखीचा आहे, आणि एप्रिलमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू होण्याआधी काही शिक्षिका जागा सोडतात.

आई, गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या असतील, दादाला आठवण कर. जुलैत सुटी लागली की मी येतेय.

तुमची,
ताई