पुस्तकांच्या गठ्ठ्यात एक पेनड्राइव्हही टाका

मा. संपादक,
स.न.

दरवर्षी जूनमध्ये मोफत पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे भोर तालुक्यातल्या आमच्या हिर्डस मावळातही येतात. बालभारतीच्या या पुस्तकांवर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवर पाठाचं साहित्य उघडतं, तेही फुकट. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी आपल्या शाळेत केलेला क्यूआर कोडचा हा प्रयोग पुढे राज्यभर गेला, याचा आम्हा जि. प. शिक्षकांना अभिमानच आहे. पण पुस्तक आमच्या वर्गात येतं, रेंज येत नाही. पावसाळ्यात तर शाळेमागच्या टेकाडावर चढलं तरी स्क्रीनवर नुसतं चाक फिरत राहतं.

लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही भिंतीवर आहे. म्हणून भोरला बाजाराला गेले की मी व्हिडिओ डाउनलोड करून पेनड्राइव्हवर घेऊन येते. माझ्यासारखे बरेच जण हेच करतात, पदरच्या डेटावर. आणि बाईंची बदली झाली की पेनड्राइव्हही बाईंबरोबर जातो!

बरं, लांबलचक व्हिडिओ आम्हाला नकोतच. फळ्यावरचंच पुन्हा पडद्यावर वाचून दाखवणारे तर मुळीच नकोत. कचऱ्यातून खेळणी करून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या चित्रफिती बघा. मिनिट-दोन मिनिटांच्या, मराठीतही आहेत आणि सगळ्यांना खुल्या. स्ट्रॉचं एक टोक दाताखाली चपटं करायचं, दोन्ही बाजूंनी तिरपं कापून टोकदार करायचं आणि फुंकायचं. पिपाणी वाजते. वाजवता वाजवताच पुढून कात्रीने एकेक तुकडा कापत जायचं, आवाज चढत जातो. माझ्या चौथीच्या वर्गाने हे एकदा पाहिलं आणि टीव्ही बंद करायला लावला, कारण सगळ्यांना कात्री हवी होती. आवाज कशाने बदलतो हे मग मला सांगावं लागलं नाही. (शेजारच्या वर्गाचा अभ्यास मात्र त्या दिवशी बुडाला.)

तेव्हा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला विनंती आहे : इयत्तेनुसार, धड्यानुसार लावलेले निवडक व्हिडिओ आणि छापून घेता येतील अशा कृतिपत्रिका एका पेनड्राइव्हवर भरून पुस्तकांच्या गठ्ठ्यासोबत शाळेच्या नावे पाठवाव्यात. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंच्या नोंदवहीत, त्याची नोंद व्हावी. साध्या टीव्हीवर चालतील अशा फाइली असाव्यात. अ‍ॅप नको, लॉगिन नको. १९८४ साली पुण्यात सुरू झालेली आणि २०१७ साली बंद केलेली बालचित्रवाणी शाळांसाठीच कार्यक्रम तयार करत होती. त्यातले आज उपयोगी पडतील तेही यात घ्यावेत. ते सरकारी पैशातूनच झालेले आहेत.

पुढच्या वर्षीची पुस्तकं छापखान्यात जाण्याआधी याचा निर्णय झाला, तर जूनच्या गाडीतूनच पेनड्राइव्ह येतील. वेगळ्या वाहतुकीचा खर्चही पडणार नाही.

– एक प्राथमिक शिक्षिका, ता. भोर, जि. पुणे