विषय: .300 ब्लॅकआउटसाठी पुंगळ्या कापण्याच्या संचातील दोष व माहितीपत्रकातील धोकादायक सूचनांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

.223 रेमिंग्टन या रायफलच्या काडतुसाच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या (रिकामी कवचे) कापून त्यांपासून .300 ब्लॅकआउट या दुसऱ्या काडतुसाच्या पुंगळ्या तयार करण्याचा जो संच मी आपल्या कंपनीकडून घेतला, त्याबद्दल ही लेखी तक्रार करीत आहे. संचात मोटरवर चालणारी लहान करवत, पुंगळी बसवण्याचे जिग, पुंगळीचे तोंड तासून लांबी नेमकी करणारा, हाताने फिरवायचा ट्रिमर आणि एक माहितीपत्रक आहे. खरेदीच्या वेळी आपल्या विक्री विभागाशी माझे सर्व बोलणे मराठीतच झाले होते, म्हणून हे पत्रही मराठीत लिहीत आहे. मी टेक्सासमध्ये राहतो, येथील कायद्याच्या चौकटीत स्वतःच्या रायफलसाठी स्वतः काडतुसे भरतो, आणि माझी नोकरी लेथवर झालेली असल्यामुळे कोणते माप कुठे महत्त्वाचे असते याची मला पुरेशी जाण आहे.

पहिला आक्षेप जिगवर आहे. करवतीचे पाते ज्या खाचेतून खाली उतरते ती खाच पात्याच्या जाडीपेक्षा बरीच रुंद ठेवलेली आहे, त्यामुळे पितळेला टेकताच पातळ पाते एका बाजूला वाकते आणि काप गुण्यात (काटकोनात) येत नाही. कापलेली पुंगळी सपाट काचेवर तोंडाकडून उभी केली आणि मागे दिवा धरला, तर एका बाजूने उजेडाची फट स्पष्ट दिसते. कॅलिपर लावला असता त्याच पुंगळीच्या दोन बाजूंच्या लांबीत बारा-तेरा थाऊंचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक मिळतो. केवळ एवढाच दोष असता तर मी तो सहन केला असता, कारण करवतीचा काप हा नेहमी ओबडधोबडच असतो आणि त्यानंतर ट्रिमर असतोच. परंतु आपल्या माहितीपत्रकात जिगचा स्टॉपर थेट 1.358 इंचांवर लावण्यास सांगितले आहे. हे तर तयार पुंगळीचे माप झाले! .300 ब्लॅकआउटच्या पुंगळीची कमाल लांबी 1.368 इंच आहे आणि ट्रिम करून ती साधारण 1.358 इंचांवर आणतात. करवतीनेच ते माप गाठले तर तिरके तोंड सरळ करण्यासाठी पितळच शिल्लक राहत नाही. बुटकी बाजू गाठेपर्यंत घासले की पुंगळी मापाच्या पुष्कळ खाली जाते आणि गेलेली लांबी परत येत नाही. म्हणून जाणकार माणूस करवतीला 1.40 इंचांच्या आसपास थांबवतो, पुंगळी साइझिंग डायमधून (दाबून नवा आकार देणाऱ्या साच्यातून) काढतो आणि मगच ट्रिमरने अखेरचे माप घेतो.

हा क्रमही आपल्या पत्रकात उलटा छापला आहे. त्यात आधी ट्रिम करावे आणि नंतर डायमध्ये घालावे असे म्हटले आहे. डायमध्ये पुंगळीच्या अंगाचे पितळ आत दाबले जाऊन नवा खांदा (अंग निमुळते होते तो भाग) आणि नवी मान (गोळी धरणारा अरुंद भाग) तयार होते. या दाबाने लांबी बदलते, त्यामुळे आधी घेतलेल्या मापाला काहीही अर्थ उरत नाही. लांबी वाढलेली पुंगळी चेंबरमध्ये (रायफलीत काडतूस बसते त्या पोकळीत) गेली की तिचे तोंड पुढच्या अरुंद भागात अडकते, गोळीवरची त्याची पकड सुटत नाही आणि दारू पेटल्यावर दाब धोकादायक पातळीपर्यंत चढतो. ज्याच्या गालाशी ती रायफल टेकलेली असते, त्याच्यासाठी हा छपाईतील किरकोळ दोष नव्हे.

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती पत्रकातील ज्या वाक्याची, त्यात .223 किंवा 5.56 (जवळजवळ त्याच मापाचे लष्करी काडतूस) ची कोणत्याही कारखान्याची पुंगळी चालते असे निःसंदिग्धपणे लिहिले आहे. हे खरे नाही. .300 ब्लॅकआउटची मान मूळ पुंगळीच्या मानेतून बनत नाही. मूळ मान आणि खांदा कापून टाकलेला असतो आणि नवी मान अंगाच्या भिंतीतून घडते. ही भिंत प्रत्येक कारखान्याच्या मालात सारख्या जाडीची नसते. गोळी बसवल्यावर मानेचा बाहेरचा व्यास 0.334 इंचांच्या वर जाता कामा नये. गोळीचा व्यास 0.308 इंच असल्यामुळे भिंतीला प्रत्येक बाजूस जेमतेम 13 थाऊ मिळतात. जाड भिंतीच्या पुंगळीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते, मान चेंबरला घट्ट बसते आणि गोळी सोडण्यासाठी तिला फुगायला जागाच राहत नाही. लांबी अगदी बिनचूक असली तरी हा धोका तसाच राहतो. पुंगळीच्या बुडावरील कारखान्याचा शिक्का पाहून माल वेगळा करावा, गोळी बसवलेल्या विनादारूच्या नमुन्याची मान मायक्रोमीटरने मोजावी आणि जाड निघाल्यास ती मान बाहेरून कमी करावी किंवा ती पुंगळी भंगारात टाकावी, एवढी सूचना पत्रकात असणे अत्यावश्यक होते. नवशिक्या माणसाला हे सांगणार कोण?

ट्रिमरबद्दल थोडक्यात लिहितो. त्याचा चक पुंगळीला बुडाच्या कडेवर धरतो, पण जबडे एकसारखे आवळत नाहीत. पुंगळी किंचित तिरपी बसते आणि दांडा न हलवताही लांबीत सहा-सात थाऊंची तफावत पडते. शिवाय मानेत जाणारी पायलट पिन सैल असल्यामुळे कटर थरथरतो आणि तोंडावर लाटांसारखे व्रण उमटतात.

याविषयी मी दूरध्वनी केला तेव्हा आपल्या प्रतिनिधीने मला प्लंबरचा पाइप कटर वापरून पाहण्याचा सल्ला दिला. पाइप कटरची चकती धातू काढत नाही, ती धातू दाबत आत शिरते. पुंगळीसारख्या पातळ नळीचे तोंड त्यामुळे आत वळते. करवत नको असेल तर कठीण पोलादाची ट्रिम डाय हा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. पुंगळी प्रेसमधील डायमध्ये चढवायची, वर आलेला भाग हॅक्सॉने कापायचा आणि डायच्या माथ्याशी कानशीने सपाट करायचा. त्यात वेळ जातो, परंतु लांबी डायच ठरवते. हा पर्याय आपल्याच विक्रीयादीत असताना तो न सुचवता पाइप कटर सुचवला जावा, याचे मला मनापासून वाईट वाटले. पाच-दहा थाऊंनी काही बिघडत नाही, हे त्याच संभाषणातील वाक्य तर आपल्या कंपनीने तात्काळ मागे घ्यावे.

आपल्याकडून माझ्या अपेक्षा स्पष्ट आहेत. जिग आणि ट्रिमर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी किंवा पात्याच्या जाडीनुसार खाच असलेले जिग, सारखा आवळणारा चक आणि योग्य मापाची पायलट पिन बदलून पाठवावी. पत्रकातील स्टॉपरचे माप, कामाचा क्रम आणि कोणतीही पुंगळी चालते हे विधान दुरुस्त करावे. ज्या ज्या ग्राहकांनी हा संच घेतला आहे, त्या प्रत्येकाला ही दुरुस्ती लेखी कळवावी. रक्कम परत मिळण्यापेक्षा ही मागणी मला अधिक महत्त्वाची वाटते आणि तिच्याबाबत मी तडजोड करणार नाही. तोपर्यंत या संचाची विक्री थांबवावी.

पावतीची प्रत, तिरक्या कापांची छायाचित्रे आणि कापलेल्या काही रिकाम्या पुंगळ्या सोबत जोडल्या आहेत. प्रत्येक पुंगळीवर दोन्ही बाजूंची लांबी शाईने लिहिली आहे, जेणेकरून आपल्या तंत्रज्ञांना ती स्वतःच्या कॅलिपरने पडताळता येईल. उत्तर कृपया लेखी द्यावे.

आपला,
एक ग्राहक